दुखत नाही तेव्हाची तपासणी

शेतात हरळी शिरते. पहिल्या वर्षी ती बांधाकडेला वीतभर दिसते. खुरपे घेतले की निघते. तीच हरळी चार वर्षे तशीच राहू दिली तर? मग सगळे रान खणावे लागते.

कर्करोगाचे असेच आहे. आपण कॅन्सर म्हणतो तोच हा रोग. आपले शरीर फार बारीक कणांचे बनले आहे. त्यांना पेशी म्हणतात. जुन्या पेशी मरतात, नव्या होतात. कधी काही पेशी बिघडतात आणि बेसुमार वाढू लागतात. सुरुवातीला त्या दुखत नाहीत. इथेच आपली फसगत होते. आपण दवाखान्याची पायरी कधी चढतो? दुखले म्हणजे. तोवर रान हरळीने भरलेले असते.

म्हणून सरकारने 2016 साली ठरवले की, तिशी ओलांडलेल्या माणसांची दर पाच वर्षांनी तपासणी करावी. ठिकाणे तीन. सगळ्यांचे तोंड, बायकांचे स्तन आणि गर्भपिशवीचे तोंड. आशाताई घरी येऊन कागद भरतात, तो याचसाठी. त्यांना परत पाठवू नये.

तोंडाची तपासणी सर्वांत सोपी. ती पुरुषांनाही हवी. तंबाखू, मिश्री, गुटखा, सुपारी, विडी यांतले काही चालू असेल तर जास्तच हवी. उजेडात तोंड उघडायचे. नर्सबाई गालाची आतली बाजू, हिरड्या, जीभ, जिभेखालची जागा पाहतात. पांढरा किंवा तांबडा चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पहिल्यासारखे न उघडणारे तोंड, या खुणा असतात. सकाळी चूळ भरताना आरशात आपल्यालाही हे पाहता येते. मिश्री लावणाऱ्या आजीबाईंना हे सांगितले की त्या हसतात. "तीस वर्षं लावतेय, काय झालं मला?" म्हणतात. अहो आजी, तीस वर्षे झाली म्हणूनच तर पाहायचे!

स्तनाची तपासणी नर्सबाई पडद्याआड हाताने करतात. न दुखणारी गाठ, आत ओढले गेलेले बोंड, बोंडातून रक्त, यांकडे लक्ष ठेवावे. पुष्कळ गाठी साध्याच निघतात. पण ते डॉक्टरांनी ठरवायचे, शेजारणीने नाही.

आता तिसरी. हिच्याबद्दल जरा जास्त सांगायचे आहे, कारण बायका हिच्यापासूनच लांब पळतात.

बाईला टेबलावर निजवतात. आडोसा असतो. पिशवीचे तोंड नीट दिसेल असे एक साधन आत घालतात. मग कापसाच्या बोळ्याने तिथे आंबट पाणी लावतात. चायनीजच्या गाडीवर व्हिनेगरची बाटली असते ना, त्याच जातीचे हे औषध. एक मिनिट थांबायचे. पेशी बिघडलेल्या असतील तो भाग पांढरा होतो. प्रत्येक पांढरा डाग कर्करोगाचा नसतो. पण बिघाड सुरू झालेला असला, तर तेवढाच भाग गोठवून किंवा चटका देऊन नाहीसा करता येतो. पिशवी जागच्या जागी राहते.

इतक्या साध्या तपासणीने काय होणार, असे वाटेल. मुंबईत टाटा रुग्णालयाने 1998 सालापासून झोपडवस्तीतल्या बायकांवर हे करून पाहिले. दहावी शिकलेल्या मुलींना शिकवून त्यांच्याकडून तपासणी करवली. तपासणी झालेल्या वस्त्यांत या रोगाचे मृत्यू शेकडा एकतीस कमी झाले.

दुसरी एक तपासणी याहून चांगली आहे. तिला एचपीव्ही तपासणी म्हणतात. एचपीव्ही हा विषाणू आहे. त्याच्यामुळेच हा रोग होतो. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाची माणसे उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, गावोगाव गेली. एका गटातल्या चौतीस हजार बायकांना ही तपासणी एकदाच देऊ केली. आठ वर्षांत त्यांच्यातल्या 34 जणी या रोगाने गेल्या. तपासणी न झालेल्या साडेएकतीस हजारांच्या गटात 64 गेल्या. हा आकडा 2009 साली छापून आला. त्या चौसष्ट जणी आपल्यासारख्याच शेतात राबणाऱ्या बायका होत्या. आकडा वाचताना आम्हाला त्यांचीच आठवण होते.

हा विषाणू नवराबायकोच्या संबंधातून येतो. हे ऐकून कोणी बाईकडे बोट दाखवील. ते साफ चूक आहे. संबंध आलेल्या बहुतेक सगळ्यांना तो कधी ना कधी होतो आणि आपोआप जातो. थोड्याजणींत तो ठाण मांडून बसतो. तिथून कर्करोग होईपर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षे जातात. म्हणजे विषाणू सापडला तरी तो कर्करोग नव्हे. खुरपे घ्यायला वेळ असतो.

आणखी एक बोलायलाच हवे. बीड जिल्ह्यात पुष्कळ ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचे उघड झाले. 2019 साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. अंगावरून पांढरे जाते म्हणून बाई दवाखान्यात गेली, की "पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल" असे ऐकून घरी यायची. भीती खरी, पण इलाज खोटा. अंगावरून पांढरे जाणे म्हणजे कर्करोग नव्हे. कोणी पिशवी काढायला सांगितले तर विचारावे, "पिशवीच्या तोंडाची तपासणी झाली का? तुकडा काढून तपासला का? कागद द्या." आता आपल्याला वाचता येते. कागद हातात घ्यावा, नाव आपलेच आहे का ते पाहावे, आणि जपून ठेवावा.

पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, किंवा संबंधानंतर रक्त गेले, तर पाच वर्षांची वाट पाहू नये. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे.

एरवी जाताना पाळीचे दिवस टाळावेत. तारीख आशाताईंना आधी विचारून ठेवावी. एकटीला संकोच वाटला तर जाऊबाईंना बरोबर घ्यावे. त्यांचीही तपासणी राहिलेलीच असेल.