आधी शेड आवरा, मग मशीन घ्या



"सर, धंदा वाढवायचाय, कोणतं मशीन घेऊ?" असं कुणी विचारलं की मी आधी त्यांच्या शेडचा फोटो मागतो. बऱ्याचदा फोटोतच उत्तर असतं. नवीन मशीन ठेवायला जागाच नसते आणि जुनी हत्यारं कुठे आहेत ते मालकालाही माहीत नसतं.

हे मी माझ्या चुकीतून शिकलो. घरामागच्या परसात १० बाय १२ फुटांची पत्र्याची शेड होती, तिथे मी पाट-चौरंग बनवायचो. गणपतीच्या आधी एका दुकानदाराची १२ चौरंगांची ऑर्डर आली. पाय कापायच्या दिवशी गुण्या सापडेना. तासभर शोधला, चिडलो आणि शेवटी नजरेच्या अंदाजानं कापून टाकलं. ५ चौरंग डुगडुगले, ते परत आले. गुण्या नंतर सापडला, प्लायच्या तुकड्यांखाली! लाकडाचं नुकसान मी भरून काढलं, पण तो दुकानदार पुन्हा आला नाही.

पसाऱ्याचं भाडं किती?

हिशोब करून बघा. समजा, दिवसातून ६ वेळा १०-१० मिनिटं शोधाशोधीत गेली, तर १ तास गेला. महिन्याचे कामाचे २५ दिवस धरले तर २५ तास. तुमच्या तासाची किंमत १२० रुपये धरली, तरी महिन्याला ३,००० रुपये झाले. शेड घरची असली तरी एवढं भाडं तुम्ही पसाऱ्याला देताय.

यावर जपानी कारखान्यांतली 'फाइव्ह एस' पद्धत आपल्या छोट्या शेडलाही लागू पडते.

१. निवड (सेइरी). सगळं सामान अंगणात काढा. रोज लागणारं, कधीतरी लागणारं आणि न लागणारं असे तीन ढीग करा. ज्याबद्दल मन होत नाही, त्याला लाल चिठ्ठी लावून तारीख टाका. ३० दिवसांत हात लागला नाही तर विका किंवा भंगारात द्या. "कधीतरी उपयोगी पडेल" या वाक्यानंच शेड भरते.

२. मांडणी (सेइतोन). सामान कामाच्या क्रमानं लावा. दाराजवळ कच्चा माल, मग कापणी, जोडणी, घासणं, पॉलिश, पॅकिंग. भिंतीवर प्लायचा एक बोर्ड ठोका, त्यावर पटाशी, करवत, गुण्या, पक्कड टांगा आणि प्रत्येकाभोवती मार्करनं आकार काढा. संध्याकाळी रिकामा आकार दिसला की कोणतं हत्यार बाहेर राहिलंय ते लगेच कळतं. स्क्रूच्या डब्यांवर साइज लिहा.

छोट्या शेडमध्ये घासायला आणि पॉलिशला वेगळी जागा मिळत नाही. मग वेळ वेगळी करा. आज घासा, भुसा काढा, धूळ बसू द्या आणि पॉलिश उद्या सकाळी. ओल्या पॉलिशवर धूळ बसली की पुन्हा घासणं आलंच.

३. सफाई (सेइसो). काम संपताना १५ मिनिटं झाडलोट. झाडताना हत्यारं तपासा. वायर सोललीय का, पातं बोथट झालंय का, हे तेव्हाच दिसतं. पावसाळ्यात लोखंडी हत्यारांवर तेलाचा हात फिरवा. प्लाय जमिनीला टेकवू नका, खाली ठोकळे द्या.

४. नियम (सेइकेत्सु). व्यवस्थित लावलेल्या शेडचा फोटो काढून दाराच्या आत चिकटवा. "जागेवर ठेव" म्हणजे नक्की कुठे, हे मदतीला येणाऱ्या मुलालाही विचारावं लागत नाही.

५. शिस्त (शित्सुके). हे सगळ्यात अवघड. पहिले आठ दिवस उत्साह असतो, नवव्या दिवशी "उद्या लावू" सुरू होतं. म्हणून दर शनिवारी १० मिनिटं फोटो आणि शेड ताडून बघायची.

जिवाशी खेळ नको

घरातून एक्स्टेन्शन ओढून ड्रिल आणि कटर चालवू नका. इलेक्ट्रिशियनकडून शेडसाठी वेगळी लाइन, अर्थिंग, एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या. पत्र्याची शेड आणि ओली जमीन असेल तर यात अजिबात काटकसर नको.

थिनर आणि भुसा एकमेकांपासून लांब ठेवा. जवसाच्या तेलाचं फिनिश वापरत असाल तर त्याची फडकी बोळा करून टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवा. कापताना चष्मा, घासताना मास्क हवाच.

या आठवड्याचा गृहपाठ

एक वही घ्या. तीन दिवस, काही शोधावं लागलं की वस्तूचं नाव आणि लागलेली मिनिटं लिहा. चौथ्या दिवशी बेरीज करा. ज्या वस्तूचं नाव सगळ्यात जास्त वेळा आलं, तिची जागा आधी पक्की करा. एका दिवसात अख्खी शेड आवरायचा हट्ट नको, एका भिंतीपासून सुरुवात करा.

मशीन घ्यायचंच आहे, पण त्याची जागा आधी तयार करा. गिऱ्हाईक तुमची शेड बघत नाही, पण चौरंग डुगडुगला की त्याला सगळं कळतं.

भेटू पुढच्या व्हिडिओत. कामाला लागा!