सामाईक तळ्याची तपासणी : दुरुस्तीच्या आधीची पायरी

पुणे जिल्ह्याच्या वेल्हे भागातील गुंजवणे हे राजगडाच्या पायथ्याचे गाव. येथून चोरदरवाजाच्या वाटेने गड चढला की पद्मावती माची लागते आणि तेथेच बांधीव भिंतींचे पद्मावती तळे दृष्टीस पडते. तळ्यात उतरण्यासाठी भिंतीतच कमान ठेवलेली आहे. शिवकालानंतर इतका काळ लोटला तरी तळ्याच्या भिंती उभ्या आहेत. मात्र पात्रात गाळ साचत आला आहे.

गडावरील पाण्याविषयी रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त स्पष्ट विचार आढळतो. गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, एकाच झऱ्यावर विसंबू नये, जास्तीची टाकी व तळी राखावीत आणि साठा जपून वापरावा, असा त्याचा आशय आहे. पाणी साठविणे आणि साठवण राखणे ही दोन्ही कामे सारख्याच महत्त्वाची मानली जात, हे त्यावरून दिसते. आज अनेक गावांत सामाईक तळे, विहीर किंवा बारव आहे. तेथे पाणी टिकत नाही अशी तक्रार आली की गाळ काढण्याचा अथवा सिमेंटचा गिलावा करण्याचा ठराव होतो. परंतु पाणी कोठून जाते हे न पाहता केलेला खर्च बहुधा वाया जातो. म्हणून दुरुस्तीपूर्वी करावयाच्या तपासणीची पद्धत येथे दिली आहे.

तळ्याचा हेतू

प्रथम तळे कशासाठी बांधले, हे निश्चित करावे. १९७२ च्या दुष्काळात व त्यानंतर महाराष्ट्रात अनेक पाझर तलाव झाले. अशा तलावातील पाणी जमिनीत मुरून खालच्या विहिरींना मिळावे, हाच त्यांचा उद्देश होय. तेथील पाझर हा दोष नव्हे. याउलट पिण्यासाठी अथवा गुरांसाठी बांधलेल्या तळ्यातील पाझर म्हणजे तोटा. हा भेद न केल्यास चांगला तलाव निकामी होण्याचा संभव असतो.

गळतीचे मोजमाप

पाण्याची पातळी घटते ती तीन कारणांनी : उपसा, बाष्पीभवन आणि गळती. त्यांपैकी गळती वेगळी काढण्यास एक बादली व एक मोजपट्टी पुरेशी आहे. पाण्यात बुडालेल्या पायरीवर बादली स्थिर ठेवावी. तिचा काठ पाण्याबाहेर राहू द्यावा आणि आतील पाणी बाहेरच्या पातळीइतके भरावे. दोन्ही पातळ्यांवर खूण करून चोवीस तास थांबावे. या काळात उपसा बंद असावा, पाऊस नसावा आणि तळ्यात येणारा झरा वा ओहोळ वाहता नसावा. बादलीतील घट ही केवळ बाष्पीभवनाची असते. तळ्यातील घट त्याहून अधिक आल्यास तो फरक गळतीचा समजावा.

उदाहरणार्थ, २० मीटर लांब व १५ मीटर रुंद तळ्याची पातळी एका दिवसात २४ मिलिमीटर उतरली आणि बादलीतील ८ मिलिमीटर उतरली, असे धरू. फरक १६ मिलिमीटर. ३०० चौरस मीटर क्षेत्रावर हा फरक ४,८०० लिटर होतो. जलजीवन मिशनच्या दरडोई दररोज ५५ लिटर या प्रमाणानुसार हे सुमारे ८७ माणसांचे एका दिवसाचे पाणी होय.

हेच मोजमाप तळे भरलेले असताना, निम्मे असताना आणि तळाशी आले असताना करावे. एका ठराविक उंचीखाली गेल्यावर गळती थांबत असेल, तर दोष त्या उंचीच्या आसपास भिंतीत आहे. ती शेवटपर्यंत चालू राहिली तर तळ किंवा भिंतीचा पाया तपासावा लागेल.

भिंत, पायऱ्या आणि गाळ

भिंतीची पाहणी उन्हाळ्यात, पाणी कमी असताना करावी. सांध्यांतील चुना निघाला आहे काय, दगड सुटले आहेत काय, भिंतीला फुगवटा आला आहे काय, पिंपळ वा उंबराची मुळे आत शिरली आहेत काय, हे टिपून ठेवावे. भेगेवर आडवी चुन्याची पातळ पट्टी लावून तीवर तारीख घालावी. पट्टी तडकली तर भेग वाढत आहे असे समजावे. अशा ठिकाणी नुसता गिलावा करून भागत नाही.

गाळाची जाडी खुणा केलेल्या बांबूने अनेक ठिकाणी मोजावी. गाळ काढताना मूळ तळ खरवडला जाऊ नये. तळाचा चिकण थर पाणी धरून ठेवतो. ज्या उतारावरून माती वाहून येते तेथे बंदोबस्त केला नाही, तर काढलेला गाळ काही पावसाळ्यांत पुन्हा भरतो.

पाण्याची शुद्धता

पिण्याच्या पाण्याचा नमुना पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. अशा तळ्यात पोहणे, कपडे धुणे व गुरे घालणे बंद ठेवावे. पोहण्याचे तळे वेगळे असल्यास त्याची खोली ठळक लिहावी, शेवाळलेल्या पायऱ्या घासाव्यात आणि काठावर दोर ठेवावा.

दुरुस्तीचा क्रम

निष्कर्षांची तीन गटांत विभागणी करावी. जीवितास धोका असलेली कामे तत्काळ. गळती व पाणलोटाची कामे पावसाळ्यापूर्वी. गाळ, पायऱ्या व सुशोभन त्यानंतर. ही यादी मोजमापांसह ग्रामसभेपुढे ठेवून अभियंत्याकडून अंदाजपत्रक करून घ्यावे. काम संपल्यावर बादलीची चाचणी पुन्हा घ्यावी. दुरुस्ती यशस्वी झाली की नाही, हे तीच सांगेल. शिक्षकांनी काठावरील नोंदींचे गणित विद्यार्थ्यांकडून सोडवून घेतल्यास गावाला नोंदवही मिळेल आणि मुलांना प्रत्यक्ष पाठ.

जुन्या चुनेगच्ची बांधकामावर सिमेंट वापरू नये. ते चुन्यापेक्षा कडक असते व ओल आत कोंडते. त्यामुळे शेजारचा दगड व सांधा खराब होतो. गडावरील तळ्यांना तर ग्रामपंचायतीने परस्पर हात लावू नये. राजगड हे राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडील संरक्षित स्मारक आहे आणि जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या १२ किल्ल्यांपैकी एक आहे. तेथे गाळ काढण्यासही संचालनालयाची अनुमती आवश्यक आहे, कारण गाळातही इतिहासाचे अवशेष असू शकतात.

गावातील तळ्याची देखरेख मात्र सर्वस्वी गावाच्या हाती आहे. वर्षातून तीन मोजमापे आणि एक नोंदवही एवढ्यावर तिचा आरंभ होऊ शकतो. निधीची मागणी त्यानंतर केली, तर ती आकड्यांच्या आधाराने करता येईल.