बिघाडाचा शोध

पावसाळ्यातील एका सायंकाळी आमची मोटार कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर थांबली होती. तापाने फणफणलेली एक मुलगी आईच्या मांडीवर निजली होती. तिला कराडच्या रुग्णालयात न्यावयाचे होते. चालकाने किल्ली फिरविली. इंजिन घरघर करीत फिरू लागले, पण पेट घेईना.

मी अधीर होऊन म्हणालो, "पुन्हा फिरवा. बॅटरी उतरली असावी!"

वयस्क चालक शांतपणे म्हणाला, "सर, बॅटरी उतरली असती, तर इंजिन इतक्या जोमाने फिरलेच नसते. किल्ली फिरवीत बसलो, तर मात्र ती खरोखरच उतरेल. काय चालते आहे ते आधी पाहू. मग काय चालत नाही ते सापडेल."

मुलांनो, पेट्रोलच्या इंजिनाला हवा, पेट्रोल आणि वेळेवर पडणारी ठिणगी हवी असते. हवा व पेट्रोल यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये दाबले जाते, ठिणगीने पेटते आणि त्या जोराने दट्ट्या ढकलला जातो. स्टार्टर केवळ पहिले फेरे देतो. पुढे इंजिनाने स्वतःच्या बळावर चालावयाचे असते. या तिहींपैकी एकाची उणीव झाली, तरी ते नुसतेच फिरत राहते.

चालकाने काटा पाहिला. टाकीत पेट्रोल होते. मग सर्वांना गप्प राहण्यास सांगून त्याने किल्ली अर्धीच फिरविली. आजच्या पुष्कळ गाड्यांत अशा वेळी टाकीतील विजेचा पंप क्षणभर गुणगुणतो. आम्हांस केवळ पावसाचा आवाज ऐकू आला.

"पंप मुका आहे," तो म्हणाला. किल्ली बंद करून त्याने फ्यूजची पेटी उघडली. पंपाच्या फ्यूजमधील तार वितळली होती. तेवढ्याच अँपियरचा नवा फ्यूज बसविताच पंप गुणगुणला आणि इंजिन सुरू झाले.

मुलीला डॉक्टरांच्या स्वाधीन केल्यावर चालक तडक गॅरेजकडे निघाला. "आता कशाला?" मी विचारले.

"सर, फ्यूज उगाच जळत नाही. त्याने इशारा दिला. कारण अजून शोधावयाचे आहे."

उत्तरापूर्वी प्रश्न नीट वाचा, असे मी वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो. घाटात मात्र मीच प्रश्न न वाचता उत्तर दिले होते.

अभ्यास
१. बॅटरी उतरलेली नाही, हे चालकाने कशावरून ओळखले?
२. इंजिन सुरू झाल्यावरही तो गॅरेजकडे का गेला?