डबी सगळ्यांत शेवटी येते

तालुक्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून माझी नोकरी झाली. रक्त, लघवी, थुंकी आणि वीर्यसुद्धा तपासलं. मी डॉक्टर नाही. मूल होत नाही म्हणून येणारी जोडपी काउंटरच्या आतल्या बाजूने जेवढी दिसली, तेवढंच सांगते.

१. फाइल बायकोच्या नावाची असते. तिचं थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एएमएच झालेलं असतं. सोनोग्राफ्यांचा गठ्ठा असतो. गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते बघायला औषध सोडून काढलेला एक्स-रेही असतो, आणि त्याच्या कळा तिने सोसलेल्या असतात. एखादीची दुर्बीणही होऊन गेलेली. नवऱ्याच्या नावाचा मात्र एक कागद नसतो. वास्तविक त्याच्या तपासणीला ना सुई लागते ना भूल, खर्चही किरकोळ. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडचं कारण असतं, एकटं किंवा बायकोच्या कारणाच्या जोडीने. तरी त्याच्या वीर्याची डबी सगळ्यांत शेवटी येते, आणि कितीदा तरी बायकोच्याच पर्समधून. ‘ह्यांना सुट्टी नाही मिळाली.’ स्वतः आलेला पुरुष आधी मला विचारतो, ‘मॅडम, सर नाहीत का?’

२. ‘थोडं सांडलं, चालेल ना?’ नाही चालत. पहिल्या थेंबांतच शुक्राणूंची सगळ्यात जास्त गर्दी असते. ते गेले तर आकडा खोटा येतो. दोन ते सात दिवस संबंध नकोत, आणि डबी तासाभरात लॅबमध्ये हवी. थंडीत ती शर्टाच्या आत, अंगाच्या उबेत आणायची. साध्या कंडोममधून तर मुळीच आणू नये, त्यातल्या रसायनाने शुक्राणू मरतात. एसटीने दोन तास हिंदकळत आलेल्या डबीत हालचाल कमी दिसली, तर त्यात नवऱ्याचा काय दोष?

३. एका रिपोर्टवर संसाराचा निकाल लावू नये. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. मागे डेंग्यूचा सणसणीत ताप येऊन गेला असेल, तर तो आजच्या काचपट्टीवर दिसतो. म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालची मर्यादा आहे ती अशी : मिलिलिटरला १.६ कोटी शुक्राणू, हलणारे ४२ टक्के, नीट आकाराचे ४ टक्के. तो चारचा आकडा वाचून भलेभले घाम पुसतात. वर्षाच्या आत ज्यांच्या बायकांना दिवस राहिले, अशा पुरुषांच्या तपासण्यांवरून ही मर्यादा काढली आहे, आणि त्यांच्यातलेही शंभरात पाच तिच्या खालीच होते.

४. ‘निल’ लिहिण्याआधी नमुना मशीनमध्ये फिरवून तळाचा साका बघावा लागतो. तिथेही काही नसेल, तर पुढे दोन वाटा फुटतात. वृषणात शुक्राणू बनतच नाहीत, किंवा बनतात पण बाहेर यायची नळी बंद आहे. नळीच बंद असेल, तर ते सुईने काढून आयव्हीएफसाठी वापरता येतात. जिममधल्या पिळदार पोरांचे ‘निल’ रिपोर्ट पाहून मी आधी चक्रावायचे. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं! बाहेरून हार्मोन मिळायला लागलं, की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी वृषणांना कामाला लावणं बंद करते. इंजेक्शनं थांबवली की बहुतेकांचा काउंट परत येतो, पण त्यात महिने जातात, काहींचं वर्षसुद्धा.

५. बायकांचं म्हणाल तर पीसीओडी आता सगळ्यांच्या तोंडी आहे. टीबीचं नाव कुणी घेत नाही. ना खोकला, ना ताप, पाळीही अगदी वेळेवर. आणि नळ्या आतून टीबीने चिकटलेल्या. गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासणीला आला, की घरचे विचारायचे, ‘टीबी तर छातीत होतो ना?’ दुसरं दुखणं एंडोमेट्रिओसिसचं. पाळीत लोळायला लावणारी पोटदुखी ‘लग्नानंतर थांबेल’ म्हणून वर्षानुवर्षं अंगावर काढलेली. आणि वय. बीजांडांचा साठा बाई जन्मालाच घेऊन येते, नवी तयार होत नाहीत. म्हणून एरवी वर्षभर वाट बघून डॉक्टर गाठावा, पस्तिशीनंतर सहा महिन्यांतच.

६. दोघांचंही सगळं नॉर्मल आणि तरी दिवस राहत नाहीत, अशीही जोडपी असतात. त्यांना आजूबाजूची माणसं फार सल्ले देतात.

७. वीर्याचा रिपोर्ट ज्याचा त्याच्याच हातात द्यायचा. एकदा एक सासरे हटून बसले, ‘पैसे मी भरलेत, कागद माझ्याकडे द्या.’ मी म्हटलं, पावती तुमची, रिपोर्ट मुलाचा. ते तणतणत गेले. मुलगा दुपारी एकटाच आला, वाचला, आणि बायकोला सोबत घेऊन कुठल्या डॉक्टरकडे जायचं ते विचारून गेला.