चाकाला वर जायला जागा हवी

जर्मनीत वापरलेली स्पोर्ट्स कार बघायला गेलं की एक वाक्य हमखास कानावर येतं: 'गाडी जराशी खाली आणलीय, बाकी सगळं कंपनीचं आहे.' विकणारा हे खात्री देण्याच्या सुरात सांगतो. पण ज्याला ती गाडी रोज चालवायची आहे, त्याने सावध व्हायचं ते नेमकं इथेच. लोअरिंग स्प्रिंगा टाकल्या आहेत, म्हणजे त्या मूळच्यांपेक्षा आखूड आणि कडक आहेत. शॉकअप मात्र जुनेच, मूळ स्प्रिंगचा जोर धरून बनवलेले.

माझी टोयोटा जीटी८६ अशीच माझ्याकडे आली. मी स्टुटगार्टजवळ राहतो. रोजचं ऑफिस, शनिवारचा बाजारहाट आणि जमेल तेव्हा न्यूरबुर्गरिंगच्या रेसट्रॅकवर फेरी, सगळं याच एका गाडीने. दोन लिटरचं बॉक्सर इंजिन, २०० अश्वशक्ती, जोर मागच्या चाकांना. इंजिन इतकं खाली बसवलंय की टोयोटाच्या सांगण्यानुसार गुरुत्वमध्य जमिनीपासून ४६० मिलिमीटरवर येतो. मुळातच खाली असलेल्या या गाडीला आणखी खाली न्यायची गरज फारशी नाही. तरी चाक आणि मडगार्डमधली ती पोकळी डोळ्यांना खुपते हे मलाही मान्य आहे, आणि ही हौस मी कमी लेखत नाही.

शहरात गाडी ठीक चालायची. ऑटोबानवर पुलाचे सांधे लागले की मात्र मागचा भाग एकदा उसळून थांबायचा नाही, आणखी एक-दोनदा डुलायचा. लिफ्टवर घेतली तेव्हा कारण दिसलं. मागच्या एका शॉकअपच्या अंगावर तेलाचा ओला पट्टा उतरला होता आणि त्यावर धूळ बसून काळा थर झाला होता. पुढच्या स्ट्रटचं रबरी बूट वर सरकवलं, तर आतल्या फोमच्या बंप स्टॉपचा बोटांत भुगा आला. मागचे टायर बाहेरून बघावेत तर नक्षी छान शिल्लक. हात आतल्या बाजूला घातला तर कड गुळगुळीत, एका जागी तारा बोटाला लागत होत्या. इथे कायद्याने नक्षी किमान १.६ मिलिमीटर लागते. या टायरांवर पावसात ताशी १३० ने जाणं म्हणजे जिवाशी खेळ होता.

हे असं का होतं, ते एकदा समजून घेतलं की पुढचे बरेच पैसे वाचतात. समजा, गाडी उभी असताना चाकाला वर जायला सत्तर मिलिमीटर जागा आहे. गाडी तीस मिलिमीटर खाली आणली की उरले चाळीस. त्यातला शेवटचा भाग बंप स्टॉपचा. फोम दाबला जाऊ लागला की सस्पेन्शनचा कडकपणा एकदम चढतो. वळणात असताना एखादा उंचवटा आला, तर ज्या टोकाचा बंप स्टॉप आधी लागेल त्या टोकाची पकड आधी सुटते. शिवाय आकसलेली स्प्रिंग परत उसळते तेव्हा तिला आवरण्याचं काम शॉकअपचं असतं, आणि जास्त कडक स्प्रिंगला आवरायला मूळ शॉकअपचा जोर अपुरा पडतो. तो रोज आपल्या क्षमतेबाहेर राबतो, गरम होतो आणि लवकर गळायला लागतो.

न्यूरबुर्गरिंगच्या नॉर्डश्लायफवर ही गोष्ट लपत नाही. जवळजवळ एकवीस किलोमीटरच्या त्या रस्त्यावर फुक्सरोरे नावाचा उतार आहे. झाडीतून वेगाने खाली यायचं, आणि तळाला रस्ता अचानक वर उचलतो. त्या खोबणीत गाडीचं वजन जणू दुप्पट होऊन चारही चाकांवर बसतं. ज्या गाडीत जागा उरलेली नाही ती तिथे ठोका देऊन बसते, आणि लगेच पुढे डावं वळण वाट बघत असतं. रोजच्या रस्त्यावर असा दाब क्वचितच येतो, म्हणूनच अपुरं सस्पेन्शन वर्षानुवर्षं 'चालून जातं'.

मग थेट कॉइलओव्हरच का घेऊ नयेत? त्यांत स्प्रिंग आणि शॉकअप एकमेकांसाठीच बनवलेले असतात, उंची आट्यांवर फिरवून ठरवता येते, महागड्या संचांत शॉकअपचा जोरही कमी-जास्त करता येतो. चांगल्या घराण्याचा संच खरोखरच उत्तम असतो, यात वाद नाही. पण बऱ्याच संचांत उंची कमी करायची म्हणजे स्प्रिंगची वाटी आट्यांवरून खाली आणायची. असं केलं की चाकाची वर जायची जागा तितकीच कमी होते, अगदी लोअरिंग स्प्रिंगसारखीच. शॉकअपचं खालचं टोक स्वतंत्रपणे फिरणारं असेल तरच स्ट्रोक न गमावता उंची बदलता येते. दुकानात हा प्रश्न विचारा. उत्तर गोलमोल मिळालं तर उठून या.

रोजच्या वापरात आणखी दोन गोष्टी छळतात. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. त्याने आटे गंजून रिंग जाम होते, आणि मग 'अ‍ॅडजस्टेबल' संच एकाच उंचीवर कायमचा अडकतो. म्हणूनच केडब्ल्यूसारखी कंपनी आपले संच स्टेनलेस स्टीलच्या नळीत देते. दुसरी गोष्ट वरच्या माउंटची. रबराऐवजी धातूचं गोल बेअरिंग असेल तर स्टिअरिंग धारदार लागतं, पण दगडी फरसबंदीवरचा प्रत्येक दगड केबिनमध्ये ऐकू येतो आणि काही हिवाळ्यांनंतर ते बेअरिंग खडखडायला लागतं. ट्रॅकवरच राहणाऱ्या गाडीला ते शोभतं. सकाळी साडेसातला कॉफी घेऊन ऑफिसला निघालेल्या माणसाला नाही.

सर्वांत वाईट पर्याय म्हणजे स्वस्त कॉइलओव्हर. स्प्रिंगांचा चांगला संच इथे साधारण दोनशे ते तीनशे युरोंना मिळतो, नावाजलेले कॉइलओव्हर हजारच्या पुढे जातात, आणि मधल्या पोकळीत पाचशे-सहाशेचे चकचकीत रंगीत संच उभे असतात. त्यांचे सुटे भाग मिळत नाहीत, दुरुस्ती होत नाही. त्यापेक्षा धड अवस्थेतलं कंपनीचं सस्पेन्शन कितीतरी बरं.

मी शेवटी तिसरी वाट धरली: वीसेक मिलिमीटर खाली आणणाऱ्या स्प्रिंगा आणि त्यांच्यासाठीच बनवलेले आखूड दांड्याचे शॉकअप. अनेक गाड्यांसाठी अशी जोडी तयार मिळते. बिल्स्टाइन या कंपनीचा बी१२ संच म्हणजे त्यांचे बी८ शॉकअप आणि आयबाखच्या प्रो-किट स्प्रिंगा. उंची फिरवता येत नाही, पण रोजच्या गाडीची उंची एकदा ठरल्यावर कोण सारखी फिरवतो? ज्यांना दर महिन्याला ट्रॅकवर जायचं आहे, चारही चाकांवरचं वजन काट्यावर तोलून घ्यायचं आहे, त्यांनी कॉइलओव्हर जरूर घ्यावेत. इतरांनी तोच पैसा शॉकअपवर आणि टायरवर घालावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

काहीही विकत घेण्याआधी एक चाचणी करून बघा. शॉकअपचा दांडा उघडा करा, त्याला प्लॅस्टिकचा केबल टाय घट्ट बांधून खाली शॉकअपच्या अंगाला टेकवा, आणि तुमच्या रोजच्या रस्त्याने आठवडाभर गाडी चालवा. टाय दांड्यावर जिथवर ढकलला गेला असेल, तिथवर तुमचं सस्पेन्शन खरोखर दाबलं जातं. तो आत्ताच बंप स्टॉपला भिडत असेल, तर गाडी खाली आणायला तुमच्याकडे जागाच नाही. ज्या शॉकअपचा दांडा उलटा, नळीच्या आत असतो, त्यावर हे जमत नाही.

जर्मनीत कागदही सांभाळावे लागतात. स्प्रिंग असो वा कॉइलओव्हर, सोबत तपासणी अहवाल हवा. कोणती गाडी, किती अक्षभार, कोणते टायर आणि कॉइलओव्हर असेल तर किती उंचीपर्यंत, हे सगळं त्यात असतं. ट्यूफ या वाहनतपासणी संस्थेचा परीक्षक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावतो, एक चाक उंचावर चढवून टायर कुठे घासतो का ते पाहतो, चाक लोंबकळत असताना स्प्रिंग वाटीत सैल तर पडत नाही ना हेही तपासतो. त्याचा मंजुरीचा शेरा नसेल तर गाडीची रस्त्यावरची मंजुरीच संपते, आणि अपघात झाला की विम्याचा वाद तुमच्या गळ्यात.

पुण्याहून माझा मावसभाऊ विचारतो, 'दादा, माझ्या पोलोला अशा स्प्रिंगा टाकू का?' त्याला मी सरळ नको म्हणतो. भारतीय रोड काँग्रेसच्या मापाचा स्पीडब्रेकर दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा. सोसायटीच्या दारातले किती तसे असतात ते त्यालाच मोजून पाहू दे. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत बदल करायला आडवं येतं, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तीच बाजू उचलून धरली.

ज्यांचा निर्णय झालाय त्यांनी बसवताना एवढं बघावं. आर्मचे बुश असलेले बोल्ट गाडी लिफ्टवर लोंबकळत असताना पक्के आवळू देऊ नका. चाकांवर वजन आलं की मगच आवळायचे. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. स्प्रिंगा बसायला काहीशे किलोमीटर लागतात, तेव्हा अलाइनमेंट त्यानंतर करा. जीटी८६ च्या मागच्या चाकांचा कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, मूळ भागांवर बदलता येत नाही, फक्त टो, म्हणजे चाकाचं आत-बाहेर वळलेपण, बदलतो. त्यामुळे फार खाली गेलात आणि चाकं वरून आत कलली तर आतली कड झिजणारच, आणि मग कॅम्बरसाठी वेगळे आर्म घ्यावे लागतात. त्यांचा खर्च पहिल्याच दिवशी हिशेबात धरा. हेडलाइटची उंचीही त्याच दिवशी नव्याने लावून घ्या.