देहाचा व्यायाम आणि वृद्धापकाळची स्मृती

शास्त्रपाठ : यहोशवा १४:६-१२; २ शमुवेल १९:३१-३९; १ करिंथ ६:१९-२०; १ तीमथ्य ४:८; यशया ४६:३-४ व ४९:१४-१६

पाठाचा उद्देश : शरीराची निगा राखणे हा देवाने सोपविलेल्या कारभाराचा भाग आहे हे समजून घेणे, आणि ज्यांची स्मृती गेली आहे त्यांच्याशी मंडळीने कसे वागावे ह्याचा विचार करणे.

प्रस्तावना

आदिलाबाद जिल्ह्यातील एका मंडळीत एक वडील होते. पैनगंगेच्या काठच्या गावांतून सायकलीवर फिरून ते घरोघर प्रार्थना घेत. पंचाहत्तरीनंतर ते तीच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारू लागले. एका रविवारी अर्पणाची थैली हातात घेऊन ते मध्येच थांबले. पुढे काय करावयाचे ते त्यांना आठवेना. मागच्या बाकावर कोणी हसले व म्हणाले, "साठी बुद्धी नाठी." दुसऱ्या कोणी म्हटले, "विश्वासात काही उणे पडले असेल." त्यांची सून मात्र घरी जाऊन रडली. "रस्त्यावर गाड्या वाढल्या म्हणून मामंजींची सायकल आम्हीच बंद केली. त्यामुळेच हे झाले," असे तिला वाटे. ह्या तीन बोलण्यांत सत्य किती, ते आपण पाहू.

१. हा आजार आहे

स्मृतिभ्रंश म्हणजे वयाबरोबर येणारा साधा विसरभोळेपणा नव्हे. चष्मा कोठे ठेवला हे कोणीही विसरतो. पण चष्मा कशासाठी असतो हेच न कळणे, ओळखीच्या वाटेवर चुकणे, पैशांचा हिशेब न जमणे, ही आजाराची चिन्हे असू शकतात. १९०६ साली आलॉइस अल्झायमर ह्या जर्मन डॉक्टरांनी अशा एका स्त्रीच्या मेंदूतील बदलांचे वर्णन केले. तेव्हापासून ह्या आजाराच्या सर्वांत अधिक आढळणाऱ्या प्रकाराला त्यांचे नाव मिळाले. मेंदूच्या रक्तवाहिन्या बिघडल्यानेही स्मृतिभ्रंश होतो.

आपल्या देशातील पाहणीवरून २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज असा की, साठ वर्षांवरील शंभरांपैकी सुमारे सात जणांना, म्हणजे जवळजवळ ८८ लाख लोकांना, हा आजार आहे. म्हणजे नव्वदांहून अधिक जणांना तो नाही. तेव्हा साठीबरोबर बुद्धी जातेच, ही म्हण खरी नव्हे. आणि ज्याला मेंदूचा विकार झाला त्याच्या विश्वासाचे मोजमाप आपण करू नये.

२. चालणारे पाय आणि मेंदू

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्केच असते. पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूचा सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा वापरतो. हा प्राणवायू रक्त नेते, आणि रक्त हृदय पाठविते. म्हणून हृदयाला व रक्तवाहिन्यांना जे हितकर, ते बहुधा मेंदूलाही हितकर असते. व्यायामाने रक्तदाब, साखर व वजन आटोक्यात राहण्यास मदत होते, आणि ही तिन्ही वाढली की स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो.

अमेरिकेत १२० वृद्धांवर झालेला एक प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. एका गटाने वर्षभर आठवड्यातून तीन दिवस, वाढवीत वाढवीत चाळीस मिनिटांपर्यंत, भरभर चालावयाचे. दुसऱ्याने केवळ अंग ताणण्याचे व्यायाम करावयाचे. स्मरणाशी संबंध असलेला मेंदूचा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग वयाबरोबर आक्रसत जातो. दुसऱ्या गटात तो आक्रसला. चालणाऱ्यांत मात्र सुमारे दोन टक्क्यांनी वाढला. २०२४ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने टाळता येण्याजोगी चौदा कारणे मांडली. ती सर्व दूर झाली तर जगातील जवळजवळ ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा लांबेल, असा त्यांचा अंदाज आहे. त्यांत शारीरिक श्रमाचा अभाव, तंबाखूचे धूम्रपान, अतिमद्यपान, कमी ऐकू येणे आणि एकाकीपणा ही कारणे आहेत.

३. जेवढे खरे तेवढेच सांगावे

व्यायाम ही हमी नव्हे. ब्रिटनमधील दहा हजारांहून अधिक सरकारी नोकरांकडे अनेक वर्षे लक्ष ठेवून केलेल्या अभ्यासात २०१७ साली असे दिसले की, आजार ओळखू येण्याच्या सुमारे नऊ वर्षे आधीपासून माणसाची हालचाल कमी होऊ लागते. म्हणजे बसून राहणे हे काही वेळा आजाराचे कारण नसून त्याचीच सुरुवात असते. आजार जडल्यावर जोराचा व्यायाम दिल्याने अंगात ताकद आली, परंतु बुद्धीचा ऱ्हास थांबला नाही, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आढळले. तेव्हा त्या सुनेने स्वतःला दोष देण्याचे कारण नव्हते. शेवटपर्यंत चालणाऱ्या माणसालाही हा आजार होऊ शकतो.

४. आपण काय करावे?

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की, प्रौढांनी आठवड्यात निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास भरभर चालणे. वृद्धांनी तोल सांभाळण्याचे व्यायामही करावेत. कापूस वेचणारी आजी हे श्रम शेतातच करते. पण मुलाकडे शहरात राहावयास आली की खाटेवर बसते. आपल्याकडे उन्हाळा कडक असतो, म्हणून पहाटे किंवा दिवस मावळल्यावर चालावे. हृदयविकार किंवा सांधेदुखी असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

आणखी एक गोष्ट आपल्या राज्यातलीच आहे. हैदराबादच्या निजाम वैद्यकीय संस्थेत डॉ. सुवर्णा अल्लाडी व सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास केला. २०१३ साली त्यांनी दाखविले की, दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसला. निरक्षरांतही हा फरक आढळला. आपल्या घरी मराठी, बाजारात तेलुगू, शेजारी उर्दू किंवा गोंडी. हे ओझे मानू नका. वृद्धांना बोलते ठेवा.

५. शास्त्राची शिकवण

कालेब पंचाऐंशी वर्षांचा असता त्याने सपाट जमीन न मागता डोंगराळ मुलूख मागितला. पण बर्जिल्लय ऐंशी वर्षांचा असता आपली चव, श्रवण व पारख गेल्याचे राजाला मोकळेपणाने सांगतो. आणि दावीद त्याला हिणवीत नाही, त्याचे चुंबन घेऊन आशीर्वाद देतो. सशक्त वृद्ध व क्षीण वृद्ध, दोघांनाही शास्त्रात मान आहे.

शारीरिक कसरतीचा लाभ थोडका, असे पौल तीमथ्याला लिहितो. ह्यावरून काहीजण व्यायाम व्यर्थ ठरवितात. परंतु थोडका म्हणजे मुळीच नाही असे नव्हे. सुभक्ती श्रेष्ठ, एवढेच तेथे सांगावयाचे आहे. तोच पौल करिंथकरांना शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर असल्याची आठवण देतो. मंदिराची झाडलोट म्हणजे भक्ती नव्हे, पण भक्त मंदिर मोडकळीस येऊ देत नाही.

आणि स्मृती गेलीच तर? यशया सांगतो की, आई एक वेळ तान्ह्याला विसरेल, परंतु देव आपल्या लोकांना विसरणार नाही. आपले तारण आपल्या आठवणीवर टेकलेले नाही, त्याच्या आठवणीवर टेकलेले आहे.

त्या मंडळीने पुढे एक साधी गोष्ट केली. अर्पणाच्या थैलीची एक बाजू त्या वडिलांच्या हाती व दुसरी एका तरुणाच्या हाती दिली. अंथरुणाला खिळेपर्यंत त्यांनी ती सेवा केली. मागच्या बाकावर मग कोणी हसले नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत उपासनेला येईनासे झालेले वृद्ध कोण आहेत? का येत नाहीत?
२. कालेब व बर्जिल्लय ह्यांच्यापासून आपण काय शिकतो?
३. आजाऱ्याची सेवा करणाऱ्या सुनेला किंवा मुलीला एक दिवस विसावा कसा देता येईल?

शिक्षकांस सूचना : येत्या आठवड्यात वर्गातील प्रत्येक मुलाने एका आजी-आजोबांबरोबर रोज थोडे चालावे, त्यांच्याकडून एक जुनी आठवण ऐकावी व रविवारी वर्गात सांगावी.