सहावी ते आठवी : वर्षअखेरचा अभ्यास आणि घराचे काम

माघ सरत आला की आमच्या इंदूर शहरातील मराठी घरांत दोन तयाऱ्या एकाच वेळी सुरू होतात. एक होळी, रंगपंचमी आणि पाठोपाठ येणाऱ्या गुढीपाडव्याची. दुसरी शाळेच्या वार्षिक परीक्षेची. पहिलीत सारे घर सामील होते, दुसरी बहुधा एकट्या मुलाच्या माथी येते. दहावी-बारावीच्या विद्यार्थ्याभोवती घरातील माणसे पाऊल न वाजवता वावरतात. सहावी, सातवी, आठवीतील मुलास मात्र सकाळी ‘अजून लहान आहेस’ आणि संध्याकाळी ‘आता मोठा झालास’ असे ऐकावे लागते, व दोन्ही वेळा त्याच्या वहीत कोणी डोकावत नाही. या मधल्या मुलांच्या आईवडिलांसाठी व आजीआजोबांसाठी हे चार शब्द आहेत.

या इयत्तांकडे काणाडोळा होण्याचे एक कारण कायद्याच्या इतिहासातही सापडते. बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या सोळाव्या कलमाने आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलास त्याच वर्गात मागे ठेवण्यास मनाई केली. हेतू चांगला होता. नापासाच्या शिक्क्याने मूल शाळाच सोडून जाऊ नये, असा. तथापि घराघरांतून त्याचा अर्थ ‘आठवीपर्यंत चिंता नाही’ असा लावला गेला. पुढे २०१९ साली या कलमात दुरुस्ती झाली. तीनुसार पाचवीच्या व आठवीच्या अखेरीस नियमित परीक्षा घ्यावयाची, अनुत्तीर्ण मुलास जादा शिकवणी देऊन निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षेची संधी द्यावयाची, आणि त्यातही यश न आल्यास त्यास त्याच वर्गात ठेवता येईल की नाही हे सरकारने ठरवावयाचे. आमच्या मध्य प्रदेशात २०२३ साली पाचवी-आठवीच्या परीक्षा मंडळाच्या धर्तीवर झाल्या. केंद्र सरकारने आपल्या अखत्यारीतील शाळांसाठी डिसेंबर २०२४ मध्ये मुलास मागे ठेवण्याचा नियम केला. आपल्या मुलाच्या शाळेस नेमके काय लागू आहे, हे निकालानंतर नव्हे, तर आताच मुख्याध्यापकांस विचारून घ्यावे.

आठवीच्या मुलापुढे असा प्रत्यक्ष धोका आहे, म्हणून त्याच्याकडे निदान लक्ष जाईल. आम्हांस अधिक काळजी वाटते ती सहावी-सातवीच्या मुलाची. तो वर चढतोच. त्याचे न समजलेले धडेही त्याच्याबरोबर वर चढतात, आणि नववीत प्रथमच कळते की पाया सहावीतच खचला होता.

एक साधे उदाहरण घ्या. मुलास दोन तृतीयांश आणि एक चतुर्थांश यांची बेरीज करावयास सांगा. पुष्कळ मुले वरच्या संख्या वर मिळवतात, खालच्या खाली मिळवतात आणि तीन सप्तमांश असे उत्तर लिहितात. चूक झाली म्हणून लगेच ओरडू नका. एक भाकरी पुढे ठेवा. दोन तृतीयांश भाकरी म्हणजे अर्धीहून अधिक. तीन सप्तमांश म्हणजे अर्धीहून कमी. त्यात आणखी पाव भाकरी घातली असता ती कमी कशी होईल? एवढे विचारले की मूल स्वतःच थबकते. मग दोन्हींचे बारा-बारा तुकडे करावयाचे : आठ आणि तीन मिळून अकरा, म्हणजे अकरा द्वादशांश. हे ज्याच्या मनात उतरले नाही, तो आठवीत एक चल असलेली समीकरणे पाठ करून सोडवील, परंतु समीकरणात अपूर्णांक आला की अडखळेल. ऋण संख्यांची गोष्टही अशीच. म्हणून शेवटच्या महिन्यात सगळे पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचण्याचा जो प्रघात आहे, तो आम्हांस पसंत नाही. आधी भोक कोठे आहे ते शोधावे, मग ठिगळ लावावे.

हे शोधण्यास घरातील वडीलधाऱ्यांची फार मदत होते. आमच्या आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी तोंडपाठ केली होती. अपूर्णांक त्यांच्या जिभेवर होते. परंतु येथे आमच्या भागातील घरांची एक विशेष अडचण येते. घरी भाषा मराठी, शाळेत हिंदी किंवा इंग्रजी. आजोबा ‘छेद’ म्हणतात, पुस्तकात ‘हर’ असतो. आजोबा ‘लसावि’ काढावयास सांगतात, नातू ‘लघुत्तम समापवर्त्य’ शिकून आलेला असतो. मूळ संख्या तेथे ‘अभाज्य’ होतात, गुणोत्तर ‘अनुपात’ होते, परिमिती ‘परिमाप’ होते, त्रिकोणाचा ‘त्रिभुज’ होतो, आणि विज्ञानातील पेशी ‘कोशिका’ बनते. पाच मिनिटांत नातू कंटाळून म्हणतो, ‘आजोबा, तुमचं वेगळं आहे,’ आणि आजोबा वर्तमानपत्र उघडतात. वस्तुतः वेगळे काहीच नसते. वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखून शाळेचा शब्द आणि घरचा शब्द समोरासमोर लिहावेत. असे तीस-चाळीस शब्द झाले की आजोबांचे गणित पुन्हा उपयोगी पडते. शिवाय मुलाची मराठीही जागी राहते. (‘शिक्षा’ हा शब्द मात्र जपून वापरावा. शाळेत तो शिक्षणाचा वाचक आहे आणि घरी दंडाचा, व मुलांना या गमतीचा पुरेपूर उपयोग करता येतो.)

आता प्रश्न असा की ज्या आईवडिलांना आठवीचे विज्ञान येत नाही, त्यांनी काय करावे? आमचे उत्तर असे की वर्षअखेरीस घराने शिकवावयाचे नसतेच, विचारावयाचे असते. शिकवण्यास विषय यावा लागतो. विचारण्यास पुस्तक हातात धरता आले आणि ऐकावयास धीर असला म्हणजे पुरे.

हे आम्ही नव्याने सांगत आहोत असे नाही. ज्या घरांत वेदपठण झाले, त्यांना संथेची पद्धत ठाऊक आहे. गुरूने म्हणावे, शिष्याने ठरावीक वेळा मागून म्हणावे. दुसऱ्या दिवशी नवा पाठ मिळण्यापूर्वी कालचा पोथीत न पाहता म्हणून दाखवावा. पोथी मिटलेली असे, ही त्यातील मुख्य गोष्ट. आमच्या घरी आम्ही हे लहानपणापासून पाहत आलो आहोत, आणि त्यात समोर बसून नुसते ऐकणाऱ्याचे काम किती मोठे असते हेही पाहिले आहे. संथेत अर्थाकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते हा दोष खरा, व शाळेच्या अभ्यासात तो चालणार नाही. परंतु मिटल्या पुस्तकाने आठवून सांगणे हा तिचा गाभा आजच्या मानसशास्त्रानेही उचलून धरला आहे. जर्मनीत हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून, पाठ केलेले किती वेगाने विसरले जाते याचे मोजमाप १८८५ साली प्रसिद्ध केले. पुढे अमेरिकेत हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिके यांनी २००६ साली विद्यार्थ्यांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी वाचून तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले होते. परीक्षा काही पाच मिनिटांनी होत नाही. धडा चार वेळा वाचल्यावर तो ‘येतो’ असे मुलास मनापासून वाटते. ते खोटे बोलत नसते, त्याची स्वतःचीच समजूत चुकलेली असते.

यास्तव रोज संध्याकाळी अर्धा-पाऊण तास असा राखून ठेवावा. आईने स्वयंपाक करता करता विचारले तरी चालेल. प्रथम काल काय शिकलास ते पुस्तक मिटून सांग. मग मागल्या आठवड्यातील एक गोष्ट. मग दिवाळीपूर्वीच्या धड्यातील एक. अशा रीतीने जुने व नवे मिसळावे. जेथे मूल अडेल तेथे लगेच उत्तर सांगू नये; मनात दहा आकडे मोजावेत. त्यानंतरही न आले तर पुस्तक उघडून त्यालाच शोधू द्यावे आणि त्या जागी शिसपेन्सिलीने खूण करावी. तीन दिवसांनी खुणेच्या जागांवरच पुन्हा विचारावे. जी खूण तीन-चार वेळा टिकून राहील ती शिक्षकांकडे न्यावी. ‘माझा मुलगा गणितात कच्चा आहे’ असे सांगितल्याने शिक्षकांस काहीच कळत नाही. ‘छेद वेगळे असले की चुकतो’ असे सांगितले तर त्यांना पाच मिनिटांत मदत करता येते.

झोपेविषयी थोडे स्पष्ट लिहिणे अवश्य आहे, कारण पहाटे उठून केलेल्या अभ्यासाचे आमच्या समाजात मोठे कौतुक आहे. पहाट चांगलीच. पण पहाटे चारला उठणारी जुनी माणसे दिवेलागणीनंतर लवकरच आडवी होत, हा भाग आपण विसरलो. अमेरिकेतील निद्रावैद्यकांच्या अकादमीने २०१६ साली दिलेल्या प्रमाणाप्रमाणे सहा ते बारा वर्षांच्या मुलास नऊ ते बारा तास, आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलास आठ ते दहा तास झोप हवी. सहाला उठणाऱ्या बारा वर्षांच्या मुलीने नऊला झोपलेच पाहिजे. अकरा वाजता निजवून चारला उठवलेले मूल पुस्तकापुढे बसते खरे, पण ते अभ्यास करीत नसते. आईवडिलांचे समाधान करीत असते. मोबाईल फोन रात्री कोणाच्याच उशाशी नसावा, वडिलांच्याही.

सणांचा प्रश्न राहतो. रंगपंचमीला राजवाड्यावरची गेर मुलांनी पाहू नये असे इंदुरात कोण म्हणेल? आम्ही तरी म्हणणार नाही. तो दिवस मोकळा सोडावा, आणि तो मोकळा आहे हे मुलास आधीपासून सांगावे. म्हणजे आदल्या चार दिवसांचा अभ्यास ते स्वतःहून करते. खरा वेळ जातो तो मुख्य दिवशी नव्हे, पुढच्या-मागच्या जाण्यायेण्यात. दूरच्या नात्यातील लग्ने, बारशी, वास्तुशांती या प्रसंगी घरातील एका मोठ्या माणसाने मुलाबरोबर मागे राहावे. यजमानांनीही राग मानू नये. मुंजीचे मुहूर्त माघापासून ज्येष्ठापर्यंत असतात. सातवी-आठवीतील मुलाची मुंज फाल्गुनात घेण्याचा आग्रह कशाला? वैशाखात शाळेस सुट्टी असते, आणि संध्या शिकावयास बटूला निवांत दिवसही मिळतात.

निकालाबद्दल. आठवीत एखाद्या विषयात अपयश आलेच तर ते घर दोन दिवस उदास होईल, हे स्वाभाविक आहे. तिसऱ्या दिवशी शाळेत जावे. जादा शिकवणी आणि दुसरी परीक्षा ही कोणाची मेहरबानी नव्हे. कायद्यात ती तरतूदच आहे. ती परीक्षा किती तारखेस आहे, कोणत्या विषयांची आहे, शिकवणी केव्हापासून आहे, हे लिहून आणावे आणि आजोळचा बेत त्यानुसार आखावा. मागे ठेवलेल्या मुलासही आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढून टाकता येत नाही. त्याच कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलास मारणे व त्याचा मानसिक छळ करणे यांस शाळेत मनाई आहे. घरासाठी असे कलम नाही. ‘शेजारच्या मुलीला बघ’ हे वाक्य जेवणाच्या पानावर रोज ऐकणाऱ्या मुलास आपण काय देत आहोत, याचा विचार ज्याने त्याने करावा. ज्या मुलास प्रश्न विचारला की घरात बोलणी बसतात, ते न आलेले लपवावयास शिकते. आणि मग वर सांगितलेल्या शिसपेन्सिलीच्या खुणा कोणाच्याच हाती लागत नाहीत.

अखेरीस देवस्थानाच्या व्यवस्थापक मंडळीस दोन विनंत्या आहेत. ध्वनिक्षेपक रात्री दहा ते सकाळी सहा बंद ठेवण्याचा नियम २००० सालापासून आहेच. परंतु आठवीचे मूल दहाच्या आधी अभ्यास करते, दहानंतर नव्हे. म्हणून परीक्षा संपेपर्यंत सायंकाळचे भजन व आरती ध्वनिक्षेपकाशिवाय व्हावी. आवाज सभामंडपात पुरतो. दुसरी विनंती अशी की सेवेसाठी, म्हणजे पाने मांडणे, पालखीपुढे चालणे, प्रसाद वाटणे यांसाठी, सहावी ते आठवीच्या मुलांना या काळात बोलावू नये. ही कामे आम्हां तरुणांकडे द्यावीत. सभामंडपामागील खोली संध्याकाळी सहा ते आठ या वेळात रिकामी असते. ज्यांच्या घरी जागा नाही, किंवा धाकट्या भावंडांचा गलबला आहे, त्यांना ती उघडून द्यावी. विचारण्यास कोणी हवे असल्यास आम्ही व आमच्या बरोबरीचे दोघेतिघे आळीपाळीने बसू. खोलीत दिवा व पंखा आहे. बसावयास चटई आणि पाण्याचा तांब्या मात्र मुलांनी घरून आणावा.